पाणीयोजनेचा प्रस्ताव राज्याकडे गेलाय. आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी येईल का, हे आत्ताच कसं तपासायचं?

अंगणवेल:

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहते. वस्ती साठ हजारांच्या आसपास. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये. गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

आमच्याकडे दर चौथ्या दिवशी पाणी येतं, पाऊण तास. वेळ पहाटे साडेचारची. सासूबाई जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा नळाला बांधतात आणि पहिली दहा मिनिटं येणारं पाणी वेगळ्या टिपाडात धरतात. ते पिवळसर असतं, कधी कधी त्याला गटारीचा वास येतो. ते संडासाला आणि अंगण धुवायला जातं. दहा मिनिटांनी धोतराचा तुकडा काढून पिळला की त्यात चिकट, काळपट गाळ असतो. तो मी रोज बघते, म्हणजे दर चार दिवसांनी बघते, आणि मगच हंडे भरायला घेते. गेल्या पावसाळ्यात मुलाला कावीळ झाली. त्याची तीन आठवडे शाळा बुडाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पाणी कुठलं पिता?

आता बातमी अशी की नगरपरिषदेने नव्या योजनेचा प्रस्ताव राज्याच्या नगरविकास विभागाकडे पाठवलाय. धरणातून पाणी उचलायचं, नवं जलशुद्धीकरण केंद्र, दोन नवे जलकुंभ. त्याच वेळी आमच्या प्रभागासाठी अभ्यासिका आणि महिला बचत गटांसाठी सभागृह अशीही मागणी गेली आहे. प्रभागाच्या बैठकीत म्हातारी माणसं म्हणाली आधी पाणी, पोरं म्हणाली अभ्यासिका. बराच वाद झाला. मी विचारलं, यात नगरपरिषदेने किती पैसे घालायचे आहेत? उत्तर आलं, "ताई, सगळं शासन देणार आहे."

मला ते पटलं नाही. घरातलं नवं कपाट घेतानाही आपला वाटा किती हे विचारतो आपण. म्हणून विचारते: असा प्रस्ताव कुठून कुठे जातो, तो कुठे अडकतो, आणि योजना मंजूर झाली तरी आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात पाणी येईल की नाही हे आत्ताच कसं कळेल? गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार असते. आम्ही त्यांना दोन हंडे नेऊन देतो, तेव्हा त्यांचं भागतं.

रानवाट:

अंगणवेल, तुमचं दुःख कळतं, आमच्याकडेही आठवड्यातून एकदाच पाणी आहे. पण अनुभवाने सांगतो, या टप्प्यावर फार खोदू नका. आमचा प्रस्ताव तीन वेळा त्रुटी काढून परत आला. कधी नकाशा जुना, कधी लोकसंख्येचा अंदाज चुकलेला, कधी जलकुंभाच्या जागेचा सातबारा नाही. प्रत्येक फेरीत महिने गेले आणि दरसूची बदलली की किंमत पुन्हा वाढली. निधी येतोय तर आधी येऊ द्यावा, गल्लीबोळाचं नंतर बघता येईल, असं मला वाटतं.

जुना जॅकवेल:

अंगणवेल ताई, मी पाणीपुरवठ्याच्या कामावर एकतीस वर्षं काढली, सुरुवात पंपहाऊसवर आणि शेवट प्रकल्प अहवाल तपासण्यात. रानवाट यांची कळकळ खरी आहे, पण "गल्लीबोळाचं नंतर" या वाक्याला मी ठाम विरोध करतो. नंतर म्हणजे निविदा निघाल्यावर. तेव्हा अंदाजपत्रकात नसलेली एक फुटाची पाइपसुद्धा कुणी टाकत नाही.

आधी फायलीचा रस्ता सांगतो. नगरपरिषदेचा ठराव होतो, सल्लागार सविस्तर प्रकल्प अहवाल करतो, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. त्याला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. मग राज्यस्तरीय समिती, मग नगरविकास विभागाची प्रशासकीय मान्यता. ती शासन निर्णयाच्या रूपात निघते आणि शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. त्यानंतर निविदा आणि कार्यादेश. "मंजूर झाली" हा शब्द यातल्या कुठल्याही पायरीला वापरतात, म्हणून कुणी मंजूर म्हटलं की विचारा, तांत्रिक की प्रशासकीय, आणि कुठल्या योजनेखाली.

योजनेचं नाव महत्त्वाचं आहे, कारण वाटा त्यावर ठरतो. अमृत २.० ही केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली आणि तिची आखणी २०२५-२६ पर्यंतची होती. त्यात एक लाखाच्या आतल्या शहरांना केंद्र निम्मी रक्कम देतं, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश, त्याहून मोठ्यांना पाव. उरलेलं राज्य आणि नगरपरिषद मिळून उभं करतात. राज्याच्या नगरोत्थान महाअभियानात नगरपरिषदेच्या वर्गाप्रमाणे हिस्सा ठरतो. तुमची वस्ती चाळीस हजार ते एक लाख यांच्यामधली, म्हणजे तुमची नगरपरिषद 'ब' वर्गातली. कुठल्याही योजनेत स्वहिस्सा असतोच. "सगळं शासन देणार" हे कानावर आलं की मी सावध होतो. छत्रपती संभाजीनगरची योजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली आणि महापालिकेच्या वाट्याला ८२२ कोटी आले. ते कुठून आणायचे यावर किती काळ गेला हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. उशीर झाला की किंमत वाढते आणि किंमत वाढली की आपला वाटाही वाढतो.

आता तुमच्या गल्लीकडे येतो. ताई, तुमच्या नळाला जो गटारीचा वास येतो तो धरणातून येत नाही आणि शुद्धीकरण केंद्रातूनही येत नाही. चार दिवसांतून एकदा पाणी सोडलं की उरलेला सगळा वेळ पाइप रिकामी असते. रिकाम्या पाइपमध्ये पोकळी होते आणि सांध्यातून, फुटक्या जोडणीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्याकडे घरगुती जोडण्या गटारीतूनच नेलेल्या असतात. फेरूलपासून, म्हणजे मुख्य पाइपवरच्या जोडापासून, मीटरपर्यंतची ती अर्ध्या इंचाची जुनी नळी गंजलेली असते आणि गटारीत बुडालेली असते. म्हणून पहिली दहा मिनिटं घाण येते आणि दाब आला की पाणी निवळतं. तुमच्या सासूबाई धोतराचा तुकडा बांधतात तेव्हा गाळ अडतो, पण काविळीचा विषाणू त्यातून आरपार जातो. ते पाणी उकळूनच प्या, हे आधी सांगतो.

म्हणजे धरणाचं पाणी आलं, नवं केंद्र, दोन नवे जलकुंभ झाले आणि गावातली वितरण वाहिनी जुनीच राहिली, तर तेच स्वच्छ पाणी त्याच गटारीतून तुमच्याकडे येईल. उद्भव, म्हणजे पाणी जिथून उचलायचं ती जागा, महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. मांजरा धरण आटलं तेव्हा १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं, म्हणजे शहरातल्या माणशी सव्वा लिटरच्या आसपास. उद्भवच नसेल तर काहीच नाही. पण तुमच्याकडे पाणी कमी आहे की ते वाटेत हरवतंय, हे आधी मोजलं पाहिजे.

मोजायची रीत सोपी आहे. वीस लिटरची बादली घ्या आणि मोबाइलवर सेकंद लावा. बादली तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला चाळीस लिटर. पाऊण तासात १,८०० लिटर. घरात पाच माणसं आणि चार दिवसांची बेगमी, म्हणजे माणशी रोज नव्वद लिटर. गटार योजना असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर, हे आपल्याकडचं जुनं आणि रुळलेलं मोजमाप. त्या हिशेबाने हे घर वाईट नाही. आता त्याच गल्लीच्या टोकाला आजींकडे जा. बादलीला दोन मिनिटं लागली तर मिनिटाला दहा लिटर, पाऊण तासात ४५०, आणि पाच माणसांच्या घराला माणशी रोज साडेबावीस लिटर. एकाच व्हॉल्व्हवर चौपट फरक. तो फरक धरणाच्या पाण्याने जात नाही. तो पाइपच्या व्यासाने, दाबाच्या विभागणीने आणि गळती काढल्याने जातो.

म्हणून डीपीआरमध्ये तीन गोष्टी बघा. वितरण व्यवस्थेचा नकाशा, त्यात तुमच्या गल्लीची पाइप किती व्यासाची आणि नवी की जुनी. दुसरं, घरगुती जोडण्या बदलायची तरतूद आहे का. तिसरं, वीजबिलाचा अंदाज. हे तिसरं कुणी वाचत नाही आणि योजना बंद पडते ती तिथेच. अनुदान बांधकामाला मिळतं. पंप चालवायला, तुरटी आणि क्लोरीन आणायला, व्हॉल्व्हमनच्या पगाराला पैसे पाणीपट्टीतून यायचे असतात. कोट्यवधींचे पंप झाकण लावून उभे असलेले मी पाहिलेत, कारण महावितरणचं बिल थकलं होतं. तो पंपहाऊस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे: नवा रंग, मोटारींवर प्लास्टिकचं आवरण तसंच, आणि खाली गावात टँकरपाशी बायका भांडतायत.

उलट उदाहरणही आहे. कराडजवळचं मलकापूर. छोटं गाव, पण प्रत्येक जोडणीला मीटर, नव्या एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइप, वापर वाढेल तसा दर चढत जाणारा, आणि चोवीस तास पाणी. पाइप कायम भरलेली असल्यामुळे बाहेरची घाण आत जायला वाव राहत नाही, आणि माणसं साठवण करत नाहीत म्हणून शिळं पाणी ओतून देणंही थांबतं. जीवन प्राधिकरणाच्याच अभियंत्यांनी ते उभं केलं. आपल्याच राज्यात झालेलं काम आहे हे, त्यामुळे सभेत बोलताना त्याचं नाव जरूर घ्या.

खतावणी:

मी एका नगरपरिषदेत लेखा शाखेत आहे (अंगणवेल यांच्या गावातली नाही). जॅकवेल काकांनी पाइपचं सांगितलं, मी पैशाचं सांगते.

अभ्यासिका विरुद्ध पाणी हा वाद तुमच्या प्रभागात उगाच पेटलाय. त्यांचे लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातली खाती, वेगळे असतात. पाणीयोजनेच्या अनुदानातला रुपया सभागृहाला वापरता येत नाही, आणि सभागृहाचा पैसा पाइपला लावता येत नाही. सभागृह, अभ्यासिका अशी कामं वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात. पंधराव्या वित्त आयोगाचंही तसंच. आमच्यासारख्या शहरांच्या अनुदानातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे होते, त्यातले निम्मे पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पुनर्वापरासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार काढता येत नव्हते.

ज्या एका ठिकाणी ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात ते म्हणजे नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न. स्वहिस्सा तिथूनच जायचा, आणि अभ्यासिकेतल्या शिपायाचा पगार, दिवाबत्ती, पेपरचं बिलही तिथूनच. त्यामुळे सभागृहाची इमारत मागताना, ती रोज उघडणार कोण आणि त्याला पैसे कोण देणार, हे ठरावात लिहून घ्या. नाहीतर इमारत फक्त लग्नकार्याला उघडते. माझ्या टेबलावरून अशी बिलं गेली आहेत, म्हणून पोटतिडकीने सांगते.

स्वहिश्श्याबद्दल एकच प्रश्न विचारा: ठराव कुठल्या तारखेचा, आणि रक्कम अंदाजपत्रकात कुठल्या पानावर? ठराव असतो, तरतूद नसते. अमृतमध्ये केंद्राचा वाटा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला) गेलं नाही तर दुसरा सुटत नाही, आणि स्वहिस्सा भरलेला नसेल तर ते प्रमाणपत्र लिहिताना आमचा हात थांबतो. ठेकेदाराचं बिल थकलं की खोदलेला रस्ता तसाच राहतो. तुमच्याकडे वर्षभर उघडा पडलेला चर असेल तर त्याचं कारण पुष्कळदा हे असतं.

आणि बचत गटांना एक सांगा. अमृत २.० मध्ये गटांतल्या महिलांना पाण्याचे नमुने तपासणं, गळती कळवणं, बिलं वाटणं अशी कामं मानधनावर देण्याची सोय केली होती, 'अमृत मित्र' म्हणून. सभागृहाच्या मागणीबरोबर ही मागणीही करा. सभागृह होईल तेव्हा होईल, तपासणीचा संच एका कपाटात मावतो.

अंगणवेल:

सहा आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून जॅकवेल काका आणि खतावणी ताई.

बादलीची मोजणी केली. आमच्या गल्लीतली अकरा घरं, एकाच पहाटे. शाळेतल्या पोरांना प्रत्येक घरी एकेक उभं केलं, हातात मोबाइल आणि कागद. व्हॉल्व्हजवळच्या घरी अठ्ठावीस सेकंद. मधल्या बहुतेक घरांना चाळीस ते पंचावन्न. आजींकडे दोन मिनिटं दहा सेकंद. पण आकड्यांची चढण सरळ नव्हती. मध्येच एका घरी एकतीस सेकंद, पुढच्या घरी एकदम ऐंशी. मग लक्षात आलं, अकरापैकी चार घरी नळाला थेट टुल्लू मोटार जोडलेली आहे. त्यातलं एक घर आमचं.

हे मला घरात सांगताना जड गेलं. यजमान म्हणाले, सगळेच लावतात. मी त्यांना काकांचं पोकळीचं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हटलं, मोटार लावली की पाइपमधून पाणी ओढलं जातं तसंच बाहेरची गटारही आत ओढली जाते. मुलाची कावीळ आम्हा दोघांच्याही मनात ताजी होती. आम्ही मोटार काढली. पुढच्या पाळीला बाकीच्या तिघांनीही बंद ठेवली, फक्त त्या एका दिवसापुरती, असं म्हणून. त्या दिवशी आजींची बादली एक मिनिट पंचवीस सेकंदांत भरली. त्या ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या आणि पोरगं सेकंद मोजत होतं.

क्लोरीनही तपासलं. आरोग्य सेविकेकडून ओटी टेस्टची बाटली मिळाली. पाण्यात दोन-तीन थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. व्हॉल्व्हजवळच्या घरी फिकट पिवळं झालं. आमच्याकडे अगदी किंचित, आणि आजींकडे पाणी तसंच पांढरं राहिलं. पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. म्हणजे शेवटच्या घरापर्यंत पोचेतो सगळं संपलेलं.

माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला होता, उत्तर सत्ताविसाव्या दिवशी मिळालं. डीपीआरच्या नकाशात आमच्या गल्लीची पाइप "विद्यमान" अशी दाखवलेली आहे, म्हणजे बदलायची नाही. घरगुती जोडण्यांसाठी तरतूद आहे, पण ती फक्त नव्या वसाहतींना. स्वहिश्श्याचा ठराव आहे, तारीखही आहे. अंदाजपत्रकात त्या शीर्षापुढे रक्कम नाही, आडवी रेघ आहे.

तांत्रिक मान्यता अजून व्हायची आहे, त्यामुळे दुरुस्तीला वेळ आहे असं मुख्याधिकारी स्वतः म्हणाले. त्यांनी अकरा घरांचा तक्ता ठेवून घेतला आणि एवढंच विचारलं, की हा एकाच गल्लीचा आहे का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, संपूर्ण प्रभागाचा आणा, मी सल्लागाराला बोलावतो. अभ्यासिकेची पोरं, जी बैठकीत माझ्याशी भांडली होती, तीच आता मोजायला यायला तयार आहेत. अभ्यासिका कोण उघडणार याचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिलाय, आळीपाळीने सकाळ-संध्याकाळ, नावांसकट.

रानवाट, तुमची भीती माझ्या मनातून गेलेली नाही. फाईल परत आली तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील हे मला माहीत आहे. पण आजींकडची बाटली पांढरी राहिलेली पाहिल्यावर गप्प बसवेना.

पुढचं पाणी शुक्रवारी आहे. त्या पहाटे पलीकडच्या आळीतली सोळा घरं मोजणार आहोत. काका, एक अडचण आहे: तिथे व्हॉल्व्ह दोन आहेत आणि व्हॉल्व्हमन दोन्ही एकदम उघडतो. मोजणी दोन वेगळ्या दिवशी घ्यावी लागेल का, की एक व्हॉल्व्ह अर्धा तास उशिरा उघडायला सांगितलं तर चालेल? गुरुवारपर्यंत सांगितलंत तर बरं होईल.

जुना जॅकवेल:

अर्धा तास उशीर चालेल, पण पहिल्या व्हॉल्व्हच्या घरांची मोजणी पाणी आल्यावर पंधरा मिनिटांनीच सुरू करा, पाइप पूर्ण भरू द्या. दुसऱ्याच्या घरांनाही तेवढीच पंधरा मिनिटं. आणि व्हॉल्व्हमनला विचारा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चावीचे किती फेरे लागतात आणि तो रोज किती देतो. तो आकडा तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. सल्लागार तो आधी बघेल.